पैसे भरले म्हणजे पाय ठेवायला मिळेलच असं नाही

प्रश्न : नमस्कार. आम्ही डोंबिवलीतले दहा जण, वयं ५५ ते ६८, बरीच वर्षं एकत्र ट्रेक करतोय. सह्याद्री पालथा घातला, हिमालयातही जाऊन आलो. आता सगळ्यांनी मिळून अंटार्क्टिकाचा बेत केलाय. ‘बर्फ वितळायच्या आत एकदा बघून घेऊ’ असं गटातल्या काहींचं म्हणणं. एजंटने दोन जहाजं सुचवलीत. एक मोठं, हजाराच्या वर प्रवाशांचं, निम्म्या पैशांत. पण ते किनाऱ्यावर उतरवत नाही. दुसरं १२० प्रवाशांचं, उतरवणारं आणि महाग. माझी मुलगी पर्यावरणशास्त्र शिकते. ती म्हणते, ‘आई, डोंगरावर प्लास्टिक टाकू नका म्हणून आयुष्यभर वर्गात मुलांना सांगितलंस आणि आता तूच तिथे निघालीस?’ तेव्हापासून आमचं धड बोलणं नाही. गटाचे बेत वेगळेच : तिथे तिरंगा रोवायचा, नारळ फोडायचा, ड्रोनने शूटिंग करायचं आणि प्रत्येकाने एकेक खडा आठवण म्हणून आणायचा. माझ्या यजमानांची चार वर्षांपूर्वी बायपास झालीय, डॉक्टर ‘जा’ म्हणतात. आम्ही जावं का? आणि जायचंच तर नंतर मनाला लागून राहणार नाही असं कसं जावं?
– एक निवृत्त शिक्षिका, डोंबिवली

उत्तर :

ताई, तुमच्या मुलीला हरवेल असा मुद्दा माझ्याकडे नाही, तेव्हा तो मागू नका. मुंबईपासून ब्यूनस आयर्स सरळ रेषेत सुमारे पंधरा हजार किलोमीटर. तिथून अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उशुआया बंदरापर्यंत आणखी एक विमान. मग जहाज, जाताना दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या खवळत्या समुद्रात, ड्रेक पॅसेजमध्ये, साधारण दोन दिवस आणि येताना तेवढेच. माणशी काही टन कार्बन या एका सुट्टीत जातो. त्याशिवाय जहाजांच्या धुराड्यातून जी काजळी पडते तिने बर्फ काळवंडतो, ऊन जास्त शोषतो आणि लवकर वितळतो. चिलीतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने याचा हिशेब मांडला : तिथे येणाऱ्या दर पर्यटकामागे सुमारे ८३ टन बर्फ वेळेआधी वितळतो. तेव्हा ‘वितळायच्या आत बघून घेऊ’ म्हणणाऱ्या मंडळींना हा आकडा जरूर ऐकवा. बघायला जाणारेच वितळण्याला हातभार लावतात आणि पुन्हा घाईचं कारण म्हणून तेच वितळणं पुढे करतात.

कंपन्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की तुम्ही परत याल ते ‘अंटार्क्टिकाचे दूत’ होऊन. मला या वाक्याचा कंटाळा आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला काही हजार पर्यटक जायचे. २०२३-२४च्या एका हंगामात सुमारे १ लाख २२ हजार गेले. इतके दूत नेमून कुठल्या राजाचं राज्य वाचलंय? मुलीसमोर हे कारण सांगू नका, ती हसेल. ‘मला ते बघायचंय, त्याची किंमत मला माहीत आहे, आणि मी ती कमी करायचा प्रयत्न करणार आहे’ एवढंच सांगा. ते खरं आहे, आणि आईने खरं सांगितलेलं मुलांना पचतं. पटेलच असं नाही.

तरीही ‘जाऊ नका’ असं मी म्हणणार नाही. हा प्रवास बंद करावा असं अंटार्क्टिक करारातल्या देशांनीही ठरवलेलं नाही. १९५९ साली बारा देशांनी त्या करारावर सही केली, भारत १९८३ साली त्यात आला. १९९१च्या माद्रिद प्रोटोकॉलने, म्हणजे त्याच कराराच्या पुरवणीने, तो सगळा खंड शांतता आणि विज्ञानासाठी राखीव ठरवला आणि खाणकामावर बंदी घातली. पर्यटनाला मात्र वाव ठेवला. पर्यटनावर नीट चौकट हवी याची चर्चा वर्षानुवर्षं चाललीय. २०२४च्या मे महिन्यात कोचीला करारदेशांची बैठक झाली तिच्यातही तो विषय होता. पण तिथे निर्णय सगळ्यांच्या संमतीने होतात, म्हणजे सावकाश होतात. तोवर तिथली शिस्त बरीचशी कंपन्यांच्या स्वतःच्या संघटनेवर आणि प्रवाशांच्या वागणुकीवर उभी आहे. तिथे पोलीस नाही, वनरक्षक नाही, तिकीट तपासणारा नाही.

म्हणून जावं की नाही हे मी कार्बनवरून ठरवणार नाही. कार्बन सगळ्यांना सारखाच लागतो, चांगल्या माणसालाही. मी तुमच्या गटाला एक प्रश्न विचारेन. इतके पैसे भरले, दोन दिवस ड्रेकमध्ये उलट्या काढल्या, समोर किनारा दिसतोय, पेंग्विनचा वासही येतोय, आणि जहाजावरचा एक्सपिडिशन लीडर म्हणाला, ‘आज उतरायचं नाही.’ वारा वाढला असेल, बर्फाने वाट अडवली असेल, किंवा पक्ष्यांत आजार दिसला असेल. तुमच्यातला कोण कुरकुरेल? ‘पैसे कशाचे घेतले मग?’ असं कोण म्हणेल? दहा जणांची नावं डोळ्यांसमोर आणा. ट्रेकला एकत्र जाता म्हणजे तुम्हाला ती माहीतच असणार. पाऊस वाढल्यावर ‘कळसुबाईला इथवर आलोय तर शिखर गाठूच’ म्हणणारी जी व्यक्ती आहे, तीच. सगळ्यात जास्त नुकसान अशा हट्टातून होतं, कारण गाईडही माणूसच असतो आणि चिडलेल्या गिऱ्हाइकांचा दाब त्याच्यावरही येतो.

आता जहाज.

वर म्हटलेल्या कंपन्यांच्या संघटनेचं नाव आयाटो (IAATO). १९९१ साली सात कंपन्यांनी मिळून ती काढली, आज तिथे जाणाऱ्या बहुतेक सगळ्या कंपन्या तिच्या सभासद आहेत. नियम साधे आहेत. पाचशेहून जास्त प्रवासी असलेल्या जहाजाने कोणालाही किनाऱ्यावर उतरवायचं नाही. बाकीच्यांनी एका जागी एका वेळी जास्तीत जास्त शंभर माणसं उतरवायची, वीस जणांमागे निदान एक गाईड, आणि एका जागी एका वेळी एकच जहाज. आता गणित करा. १२० जणांच्या जहाजावर शंभर उतरले की वीस जण रबरी झोडियाक बोटीतून हिमनग बघत फिरतात, मग अदलाबदल. ४५० जणांच्या जहाजावर पाच पाळ्या लागतात. प्रत्येकाच्या वाट्याला थोडा वेळ आणि त्या किनाऱ्यावर दिवसभर पायांचा राबता. एजंट उद्या ‘मधलं’ म्हणून असं जहाज सुचवेल, तेव्हा हे लक्षात ठेवा.

मग मोठं जहाज वाईट आणि छोटं चांगलं, इतकं सोपं आहे का? नाही. हजार जणांचं जहाज कोणालाच उतरवत नाही, म्हणजे शेवाळावर कोणाचा पाय पडत नाही, पेंग्विनच्या वसाहतीत कोणी शिरत नाही. आणि छोट्या, ऐसपैस, श्रीमंती जहाजावर माणशी इंधन कधीकधी जास्तही जळतं. तुमच्या मुलीने हा मुद्दा काढला तर तो मान्य करा.

पण मोठ्या जहाजाला माझा नकार दुसऱ्याच कारणासाठी आहे. २३ नोव्हेंबर २००७ रोजी ‘एक्सप्लोरर’ नावाचं छोटं जहाज साउथ शेटलंड बेटांजवळ बर्फावर आदळून बुडालं. हे काही हौशी जहाज नव्हतं. अंटार्क्टिकाच्या पर्यटनासाठी मुद्दाम बांधलेलं हे पहिलं जहाज. त्यावर १५४ माणसं होती. काही तास ती लाइफबोटींत आणि रबरी बोटींत बसून राहिली आणि सगळी वाचली, कारण त्या दिवशी समुद्र बऱ्यापैकी शांत होता आणि ‘नॉर्दनोर्गे’ हे नॉर्वेचं जहाज काही तासांच्याच अंतरावर होतं. आता तिथे १५४ च्या जागी प्रवासी आणि खलाशी मिळून दोन-अडीच हजार माणसं धरा. त्यांना उचलून घेईल एवढं दुसरं जहाज त्या पाण्यात त्या दिवशी कुठे असेल? २०११पासून तिथे जड इंधन तेलाला बंदी आहे आणि २०१७पासून ध्रुवीय पाण्यातल्या जहाजांना वेगळी नियमावली लागू आहे, पण मदत लांब ती लांबच. जिथे वाचवायला कोणी नाही तिथे गर्दीने जाऊ नये, हे तुमच्यासारख्या ट्रेकर मंडळींना मी सांगायला नको.

तेव्हा दोनशेच्या आतलं जहाज घ्या. परवडत नसेल तर दोन वर्षं थांबून पैसे साठवा, किंवा जाऊ नका. स्वस्तातलं अर्धं अंटार्क्टिका घेऊ नका.

जाताजाता एक. एजंट ‘भारतीय तळही दाखवू’ म्हणाला तर तिथेच उठा. पर्यटकांची जहाजं जातात ती अंटार्क्टिक द्वीपकल्पाकडे, दक्षिण अमेरिकेच्या खालच्या अंगाला. आपले ‘मैत्री’ आणि ‘भारती’ पूर्व अंटार्क्टिकात, हजारो किलोमीटरवर. तिथला कारभार चालतो गोव्यातून, वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून. पहिली भारतीय मोहीमही डिसेंबर १९८१ मध्ये गोव्यातूनच निघाली होती. ते सहलीचं ठिकाण नाही. २०२२ साली आपला स्वतःचा अंटार्क्टिक कायदाही झालाय. त्यानुसार परवाना लागतोच, फक्त दुसऱ्या करारदेशाचा परवाना असेल तर भारताचा वेगळा लागत नाही. तुमच्या जहाजाकडे कोणत्या देशाचा परवाना आहे हे एजंटला विचारा. उत्तर द्यायला त्याला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागला तर तो फक्त तिकीट विकतोय असं समजा.

आता गटाचे बेत. हे मी मन लावून वाचले.

नारळ नाही. किनाऱ्यावर खाण्याचा कुठलाही पदार्थ न्यायचा नसतो, फोडायचा तर नसतोच. चिवडा, लाडू, खिशातली बडीशेप, काही नाही. नारळ वाढवायचाच असेल तर डोंबिवलीत निघताना वाढवा, खोबरं तरी सगळ्यांना मिळेल.

तिरंगा हातात धरून फोटो काढा आणि घडी करून परत आणा. रोवायचा नाही. त्या द्वीपकल्पावर ब्रिटन, अर्जेंटिना आणि चिली अशा तिघांचे दावे आधीच एकमेकांवर चढलेले आहेत आणि करारामुळे ते गोठून पडलेत. तिथे आणखी एक काठी ठोकून कोणाचंच भलं होणार नाही. घोषणा जहाजाच्या डेकवर द्या, खुल्या समुद्रात. वसाहतीजवळ आवाज खालचा, हालचाल सावकाश.

ड्रोन घरी ठेवा. आयाटोच्या जहाजांवरून किनारी भागात हौसेखातर ड्रोन उडवू देत नाहीत. ‘कोण बघतंय’ असं म्हणणारा गटात असेल तर वर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला मिळालं.

आणि खडा. याच्यावर मी थोडी अडून बसणार आहे, कारण दहा जणांना हा बेत सगळ्यात निरुपद्रवी वाटत असेल. जेंटू, अडेली, चिनस्ट्रॅप हे पेंग्विन घरटं बांधतात ते खड्यांचंच. तिथे काटकी नाही, गवतही जवळजवळ नाही; अंडी वितळत्या बर्फाच्या पाण्यातून वर राहावीत म्हणून खड्यांचा ढीग रचतात. चांगल्या खड्यांचा इतका तुटवडा की शेजाऱ्याच्या घरट्यातले चोरतात, त्यावरून भांडतात, नर मादीला खडा आणून देतो. जिथे पक्षी एकेका खड्यासाठी मारामारी करतात तिथून आपण शोकेससाठी दहा उचलायचे? दगड, हाड, पीस, शिंपला, काहीच आणायचं नाही असा नियम आहे. हा नियम नसता तरी मी तुम्हाला हेच सांगितलं असतं. डिसेप्शन बेटावर व्हेलशिकाऱ्यांच्या जुन्या वखारीचे गंजलेले अवशेष आहेत, त्यांनाही हात लावायचा नाही.

पेंग्विनपासून निदान पाच मीटर, फर सीलपासून पंधरा. पेंग्विन स्वतःच तुमच्याकडे आला तर जागच्या जागी उभं राहायचं. बर्फात त्यांच्या ये-जा करण्याच्या खोलगट वाटा पडलेल्या असतात. त्या ओलांडताना त्यांना आधी जाऊ द्यायचं, आणि बर्फात आपल्या पायाने खोल खड्डा पडला तर तो बुजवायचा, नाहीतर पेंग्विन त्यात अडकतो. शेवाळावर पाय अजिबात नको. तिथे ते वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं आणि एका बुटाचा ठसा वर्षानुवर्षं राहतो.

एक गोष्ट तुमच्या वयाच्या मंडळींना जड जाईल. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये बर्ड फ्लू अंटार्क्टिकाच्या वाटेवरच्या साउथ जॉर्जिया बेटाला पोहोचला आणि २०२४च्या फेब्रुवारीत अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर, स्कुआ पक्ष्यांत, त्याची खात्री झाली. तेव्हापासून किनाऱ्यावर बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, सॅक खाली ठेवायची नाही. विष्ठेतून विषाणू कपड्यांना लागून पुढच्या वसाहतीत जाऊ नये म्हणून. म्हणजे तास-दीड तास उभं राहायचं. पेंग्विनच्या उंचीवर फोटो घ्यायला पालथं पडायचं नाही. भूमीला साष्टांग नमस्कार घालायची कोणाची इच्छा असेल, आणि आपल्या माणसांची असते, तर उभ्यानेच हात जोडा. किनाऱ्यावर स्वच्छतागृह नसतं आणि आडोसाही चालत नाही. लागली तर झोडियाकने जहाजावर परत. सकाळचा चहा त्या हिशेबाने प्या.

बुटांबद्दल. तुम्ही सह्याद्रीतले ट्रेकर, म्हणून तुमच्या सामानाकडून मला जास्त भीती आहे. पावसाळ्यानंतरच्या ट्रेकहून आल्यावर मोज्यांत, पँटच्या शिवणीत, सॅकच्या वेल्क्रोत कुसळं अडकलेली असतात. महिनोन्‌महिने निघत नाहीत, धुतल्यावरही नाहीत. तशी बीजं अंटार्क्टिकात माणसांबरोबरच पोहोचली आहेत. किंग जॉर्ज बेटावर परदेशी गवत रुजलेलं सापडलंय आणि ते उपटून काढायला शास्त्रज्ञांना मोठी खटपट करावी लागलीय. सह्याद्रीचं गवत तिथे जगेल का हा प्रश्न नाही. तुमचं जॅकेट हिमालयातही जाऊन आलंय, आणि थंडीला सरावलेल्या गवताची बीजं त्याच्या खिशात असू शकतात. जहाजावर सगळ्यांचे खिसे व्हॅक्यूम क्लीनरने साफ करतात, वेल्क्रोतला कचरा चिमट्याने काढतात, प्रत्येक उतरण्याच्या आधी आणि नंतर बूट जंतुनाशकात बुडवतात. ते होईलच. पण घरी एक रविवार काढा. जुनी सॅक, जुने हातमोजे, ट्रेकची काठी, कॅमेऱ्याची बॅग, सगळं अंगणात उलटं करून घासा. शक्य असेल तर बाहेरचे कपडे नवे किंवा कंपनीचे वापरा. बूट बहुतेक कंपन्या देतातच.

आणि या रविवारी मुलीला मदतीला बोलवा. पर्यावरणशास्त्र शिकणाऱ्या मुलीच्या हातात भिंग आणि चिमटा दिला तर भांडणापेक्षा बरं काहीतरी घडेल.

यजमानांचं. ‘जा’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना तुम्ही ‘अंटार्क्टिका’ म्हणालात, की ‘दोन दिवस खवळलेल्या समुद्रात आणि जवळच्या रुग्णालयापासून कित्येक दिवसांच्या अंतरावर’ असं म्हणालात? दुसरं वाक्य सांगून पुन्हा विचारा. जहाजावर डॉक्टर असतो, हृदयावर तातडीचे उपचार करणारी कॅथलॅब नसते. हेलिकॉप्टर मागवलं आणि आलं असं तिथे होत नाही. किंग जॉर्ज बेटावर चिलीची धावपट्टी आहे, पण तिथलं विमान धुक्यात दिवसचे दिवस थांबतं. जहाज मागे फिरवावं लागलं तर सगळ्यांचीच सहल संपते. आजार लपवून फॉर्म भरणारे असतात आणि ‘काय होतंय’ म्हणणारे नातेवाईकही असतात. यजमानांना तसं करू देऊ नका. ड्रेक टाळायला विमानाने बेटावर जाऊन तिथून जहाज पकडायची सोयही काही कंपन्या देतात, पण तेही धुक्याच्याच हाती.

डॉक्टरांनी नाही म्हटलं, किंवा गटातल्या चौघांना खरं तर फक्त पेंग्विनच बघायचे असतील, तर ड्रेक ओलांडायची गरज नाही. उशुआयाजवळ बीगल चॅनलमधल्या मार्टिलो बेटावर मॅजेलन आणि जेंटू पेंग्विन दिसतात. अर्जेंटिनातच चुबुत प्रांतात पुंता तोंबोला मॅजेलन पेंग्विनची प्रचंड वसाहत आहे. पैसे कमी, उलट्या नाहीत, आणि तिथे पाय ठेवल्याने कुठलं शतकभराचं शेवाळ चिरडत नाही. दहातले पाच तिकडे आणि पाच इकडे असं झालं तर मैत्री मोडत नाही.

कधी जायचं? नोव्हेंबरमध्ये पेंग्विन घरटी बांधतात, डिसेंबरअखेर ते जानेवारीत पिल्लं, फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हेल जास्त. पिल्लांचा महिना सगळ्यांनाच हवा असतो. तुम्हाला गर्दी टाळायची असेल तर मार्चची सुरुवात बघा. खड्यांवरची भांडणं बघायची असतील तर नोव्हेंबर.

आगाऊ रक्कम भरायच्या आधी एजंटला लेखी विचारा : कंपनी आयाटोची सभासद आहे का, आणि असेल तर आयाटोच्या संकेतस्थळावरच्या यादीत कंपनीचं नाव मला दाखवा, परवाना कोणत्या देशाचा, या फेरीला प्रत्यक्ष किती प्रवासी असतील, विम्यात वैद्यकीय कारणासाठी तिथून बाहेर काढण्याचा खर्च धरलाय का, आणि बायपासचा उल्लेख करून तो विमा मिळतोय का, उतरणं रद्द झालं तर काय. शेवटच्या प्रश्नाला प्रामाणिक कंपनीचं उत्तर ‘काही नाही, पैसे परत मिळणार नाहीत’ असंच असतं. ते उत्तर दहाही जणांना मोठ्याने वाचून दाखवा आणि मगच वर्गणी गोळा करा.